पडू नये म्हणून व्यायाम: घरी ओट्याला धरून, की मारुतीच्या मंदिरात ग्रुपने?

दोन वर्षांपूर्वी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात आमची माय रात्री मोरीत पडली. मनगट मोडलं, खुबा वाचला. पारोळ्याकडचं आमचं घर जुनं, धाब्याचं, मोरीला चार बोटं उंच उंबरा, त्यात लाईट गेलेली आणि ती लघवीला उठलेली, सगळं एकदम जुळून आलं. मी डॉक्टर नाही की फिजिओ नाही, पतपेढीत नोकरी करतो. पण प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मायला जे शिकवलं, त्यावर मी जे वाचलं, आणि मग गल्लीतली अकरा-बारा म्हातारी माणसं गोळा करून मंदिरात आम्ही जो ग्रुप सुरू केला त्यात जे जे फसलं, ते सगळं इथं लिहून ठेवतोय, कारण नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरी करू का ग्रुपमध्ये येऊ?

उत्तर आधीच देऊन टाकतो. दोन्हीनं पडणं कमी होतं. पण व्यायाम उभ्यानं करायचा, तोल थोडा डगमगेल असा करायचा, आणि महिनोनमहिने सोडायचा नाही. या तीन गोष्टी नसतील तर ग्रुप पण वाया आणि घर पण वाया.

आधी "मी तर रोज फिरतो" याचं काय ते बघू

आमच्याकडे जिभाऊ आहेत, ७८ वर्षांचे, त्यांना पहिल्यांदा बोलवायला गेलो तर म्हणे, "माले काय व्हयनं? मी रोज वावरमा जास." (मला काय झालंय? मी रोज शेतात जातो.) आणि जळगावातले आमचे पाहुणे, ते मेहरुण तलावाला रोज तीन चकरा मारतात, त्यांचं पण हेच. फिरणं चांगलंच आहे, शुगरला, हृदयाला, झोपेला, मनाला, सगळ्याला. पण फक्त फिरल्यानं पडणं कमी होतं असं अभ्यासांत पक्कं दिसलेलं नाही. आणि ज्याचा तोल आधीच गेलेला आहे त्याला भरभर चालायला लावलं तर उलट पडायची संधी वाढते. सरळ रस्त्यावर पाय एकामागून एक आपोआप पडतात हो, माणूस पडतो ते वळताना, मागे सरकताना, उंबरा ओलांडताना, कोणी हाक मारली म्हणून मान फिरवताना. त्या हालचालींची सवय पायाला वेगळी लावावी लागते.

जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, २०१९ साली त्यांनी २५ देशांतल्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, २३ हजारांवर माणसं होती त्यात, सगळी ६० च्या पुढची. व्यायामानं पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी खाली आलं. तोलाचा व्यायाम आणि पायाच्या ताकदीचा व्यायाम जोडीनं केला तिथं ३४ टक्क्यांच्या आसपास. चिनी लोकांचं ते ताई-ची, संथ हालचालींचा व्यायाम, त्यानं १९. आता ग्रुप की घर, त्याचं उत्तर याच लोकांच्या २०१२ च्या तपासणीत मिळतं, ताकद आणि तोल असा मिश्र व्यायाम ग्रुपमध्ये केला तर पडणं २९ टक्क्यांनी कमी, घरी केला तर ३२ टक्क्यांनी. म्हणजे बरोबरीच झाली. यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन नाना एकदा चांगले भांडले होते, दोघंही बरोबर होते.

मग इंग्लंडमध्ये थेट सामना लावला. लंडन, नॉटिंगहॅम आणि डर्बीकडची ६५ च्या पुढची साडेबाराशे माणसं घेतली. काहींना आठवड्यातून एकदा तासभर ग्रुपचा वर्ग आणि वरून घरी दोनदा करायचा व्यायाम. काहींना फक्त घरचा, न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला, आठवड्यातून तीनदा अर्धा तास आणि दोनदा चालणं. उरलेल्यांना काहीच नाही. असं २४ आठवडे. नंतरच्या वर्षभरात ग्रुपवाल्यांचं पडणं साधारण पावभर कमी झालं. घरवाल्यांचा आकडाही जवळपास तेवढाच आला, फक्त तो ठामपणे सांगण्याइतका पक्का ठरला नाही. ग्रुपवाल्यांमध्ये अजून एक दिसलं, वर्ग संपून वर्ष झालं तरी ते दिवसाला पंधराएक मिनिटं जास्त हालचाल करत होते. मला यातून कळलं ते एवढंच की त्यांचा "ग्रुप" नुसता ग्रुप नव्हता, आठवड्याचे दोन दिवस तो पण घरीच होता. वर्गात शिकायचं, चुका सुधारून घ्यायच्या, आणि घरी रेटायचं. आम्ही पण शेवटी त्याच रस्त्याला लागलो.

सुरू करण्याआधी घरातल्या घरात तीन चाचण्या

मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. बाजूला धडधाकट माणूस उभा पाहिजे, हात लावून नाही, पण हात पोचेल एवढा जवळ.

एक, उठबस. पाठ असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, उंची साधारण १७ इंच. ती लालनिळी प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून भिंतीला टेकवल्याशिवाय नाहीच. हात छातीवर आडवे बांधायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. ६५ ते ६९ च्या बाईला ११ आणि पुरुषाला १२, ७० ते ७४ ला बाईला १० आणि पुरुषाला १२, ७५ ते ७९ ला १० आणि ११, ८० ते ८४ ला ९ आणि १०, याच्या खाली आलं की पायात ताकद कमी आहे समजा. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहायचं. मायचं पहिल्या दिवशी शून्य होतं. ती म्हणे खुर्चीच खराब आहे.

दोन, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत, १० सेकंद उभं राहणं. हे नाही जमलं तर तोल कच्चा.

तीन, खुर्चीतून उठून तीन मीटरवर आखलेल्या रेघेपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच.

हे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा, महालक्ष्मी कॅलेंडरच्या त्या दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. तीन महिन्यांनी परत मोजायचेत.

कोणी आधी डॉक्टरकडे जायचं

वर्षात दोनदा किंवा जास्त पडलेले, पडताना शुद्ध हरपलेले, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येणारे, छातीत दुखणारे, नुकतं ऑपरेशन झालेले. यांनी मंदिरात यायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचं. बीपी एकदा झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत मोजायला सांगा, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर चक्कर का येते ते सापडलं म्हणायचं. गोळ्यांची पिशवी सगळीच्या सगळी घेऊन जा. झोपेची गोळी तर नक्की दाखवा. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू तीन वर्षं झोपेची गोळी घेत होत्या, कोणी लिहून दिली ते त्यांनाच आठवेना, मेडिकलवाला देत होता आणि त्या घेत होत्या. अशी गोळी आपल्या मनानं एकदम बंद पण करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची.

आता ठरवा, घर की ग्रुप

माणूस बघून ठरतं हे. जे वॉकर धरून चालतात, ज्यांना नीट ऐकू येत नाही, जे वारंवार पडतात, त्यांना बारा जणांच्या घोळक्यात उभं करू नका, एकाच वेळी बारा जणांकडे लक्ष देणारा माणूस तुमच्याकडे नसतो. त्यांचा घरी, फिजिओनं एक-दोनदा येऊन शिकवलेला आणि समोर कोणी तरी बसून करून घेतलेला. ओटागोचा तो कार्यक्रम मुळात अशाच लोकांसाठी उपयोगी पडला, ८० च्या पुढच्यांना त्याचा फायदा जास्त झाला.

उलट जो माणूस धडधाकट आहे पण एकटा पडलाय, बायको गेलीये, मुलं पुण्याला नाहीतर सुरतेला, त्याला घरी व्यायामाचा कागद देऊन काही होणार नाही. तो कागद फ्रिजवर पिवळा पडतो. त्याला ग्रुपच पाहिजे, कारण सकाळी कोणी तरी दारावरून "चला आबा" म्हणून हाक मारतं.

बायांचं वेगळं गणित आहे. आमच्याकडच्या सत्तरीच्या बाया पुरुषांसमोर पाय वर करायला तयार होत नाहीत, आणि सुना बघत असल्या तर अजिबातच नाही. आम्ही पहिला महिना एकत्र घ्यायचा प्रयत्न केला, बाया कोपऱ्यात बसून हसत राहिल्या. मग भजनी मंडळाच्या वेळेला लागून त्यांचा वेगळा ग्रुप केला, शुक्रवारी चार वाजता, आधी व्यायाम मग भजन, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. भजन आधी ठेवलं तर व्यायाम होतच नाही, हे पण अनुभवाचंच.

घरचा व्यायाम, सगळा स्वयंपाकाच्या ओट्याशी

ओटा म्हणजे दारापुढचा नाही, किचनचा. यासाठी त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही, कमरेएवढा उंच, हलत नाही, पडत नाही. घरात ओटा नसेल तर भिंतीतली खिडकी, तिचे गज घट्ट असले पाहिजेत. खाट चालत नाही, ती बुटकी असते आणि सरकते. पाय कोरडे, चप्पल घातली तर मागून पट्टा असलेली, सपाता नकोत. लुगड्याचा किंवा साडीचा काठ घोट्याच्या वर घ्यायचा, पायजमा जमिनीला लोळत असेल तर दुमडायचा.

सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाकायची, मान आणि कंबर हळू फिरवायची, घोटे फिरवायचे. मग ताकद.

खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, हळू खाली आणायचा, दहा वेळा. मग उभं राहून ओटा धरून पाय बाजूला उचलायचा, धड वाकू न देता. मग गुडघा मागे दुमडायचा, टाच बैठकीकडे न्यायची. मग टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि मग चवडे उचलून टाचांवर. प्रत्येकी दहा. मॅडमनी आम्हाला पायाला बांधायचे वजनाचे पट्टे आणायला सांगितले होते, ते मिळेपर्यंत आम्ही जुन्या मोज्यात चाळलेली वाळू भरली, किराणा दुकानात काट्यावर अर्धा किलो मोजून घेतली आणि जुन्या ओढणीनं घोट्याला बांधली. छान चाललं. वजन किती, तर दहाव्या वेळेला पाय जड झाला पाहिजे पण सोडून द्यावा लागू नये. दहा सहज व्हायला लागले की थोडा दम खाऊन परत दहा, ते पण सहज झाले की वजन वाढवायचं. मांड्या एक-दोन दिवस दुखतात, ते चालायचंच. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, छाती भरून आली किंवा गरगरलं तर तिथंच थांबायचं.

मग तोल, आणि खरा माल इथं आहे. ओट्याला धरून आडवं चालणं, दहा पावलं इकडे दहा तिकडे. उलटं चालणं. टाच-अंगठा एका रेषेत उभं राहणं आणि मग तसंच रेषेवर चालणं. एका पायावर उभं राहणं, दहा सेकंद. दोन खुर्च्या लांब ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरणं. आणि उठबस, तीच पहिल्या चाचणीतली.

यात पायरी कशी चढवायची ते सांगतो, कारण सगळे इथंच अडकतात. पहिले दोन आठवडे दोन्ही हात ओट्यावर. मग एक हात. मग नुसती बोटं. मग एक बोट. मग हात ओट्याच्या वर दोन इंच, पण तिथंच. माय चार महिन्यांनी एका बोटावर आली आणि ते बोट काही सोडायला तयार नव्हती, मी रोज मागे लागायचो, मॅडम म्हणाल्या राहू द्या, तोल डगमगतोय ना तेवढं बघा. थोडं डगमगलं पाहिजे. अजिबात डगमगत नसेल तर व्यायाम सोपा झालाय, आणि ओटा घट्ट धरावा लागत असेल तर अवघड आहे, एक पायरी खाली या.

आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, मध्ये एक दिवस सुट्टी. तोलाचा तेवढा रोज केला तरी चालतो. ज्या अभ्यासांत चांगलं फळ दिसलं त्यात तोलाला आव्हान देणारा व्यायाम आठवड्याला तीन तासांच्या वर होता, तिथं पडणं ३९ टक्क्यांपर्यंत कमी झालं. तीन तास ऐकून घाबरू नका, त्याला एक चोरवाट आहे. ऑस्ट्रेलियात त्यांनी वेगळा व्यायाम न देता रोजच्या कामातच तो घुसवला, आणि २०१२ मध्ये आलेल्या त्या चाचणीत पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे दात घासताना एका पायावर, भाजीला फोडणी देऊन झाली की टाच-अंगठा लावून उभं, खालची बरणी काढायला कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून, टीव्हीची जाहिरात लागली की पाच उठबस. गॅसजवळ मात्र नाही, आणि कळण्याची भाकरी थापताना तर नाहीच, तव्यावर हात जाईल.

ग्रुप कसा उभा करायचा

जागा. सपाट, कोरडी, सावलीची, जिथं म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या कमी चढाव्या लागतात. आम्हाला मारुतीच्या मंदिराचा सभामंडप मिळाला, फरशी गुळगुळीत होती म्हणून पुजाऱ्याला सांगून सकाळचं पुसणं व्यायामानंतर ढकललं. जिथं ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र आहे तिथं तर जागेचा प्रश्नच नाही.

शिकवणारा. पहिले दोन महिने तरी फिजिओ पाहिजेच, आठवड्यातून एकदा. पैसे आम्ही वर्गणीनं जमवले. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात फिजिओथेरपीची सोय असते, तिथं विचारून या. नंतर ग्रुपमधलाच एखादा निवृत्त मास्तर तयार करा, आमच्याकडे पी.टी.चे सर निघाले, पण त्यांना "एक साथ सावधान" म्हणायची सवय मोडायला लावावी लागली, म्हातारी माणसं हुकमावर गर्रकन वळतात आणि तिथंच पडतात. प्रत्येकाला आपल्या गतीनं वळू द्यायचं.

संख्या बारापर्यंत, आणि शिकवणाऱ्याशिवाय नुसतं बघायला दोन तरुण. प्रत्येकाची खुर्ची भिंतीला लागून, म्हणजे खुर्ची हाच त्याचा ओटा. मधोमध उघड्यावर कोणाला उभं करायचं नाही जोपर्यंत तो बोटावर येत नाही.

वेळ. आपल्याकडे चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा सकाळी सहा म्हणजे सहा, सात वाजता मंडप तापायला लागतो. उन्हाळ्यात बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळी असलेल्यांना पाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यायचं. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी यायचं नाही, काही तरी खाऊन यायचं आणि खिशात साखरेची पुडी.

तासाचं वाटप साधारण असं, दहा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस ताकद, वीस तोल, दहा मिनिटं खाली बसणं-उठणं आणि शेवटी गप्पा. गप्पा कापू नका, अर्धी माणसं त्यासाठीच येतात. पण फक्त गप्पा, टाळ्या, हसणं आणि बसून प्राणायाम असा ग्रुप असेल तर तो मनाला चांगला, पडण्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा नको. एका शहरातला असा ग्रुप बघायला गेलो होतो, तासभर सगळे सतरंजीवर. मी विचारलं उभं कधी राहता, तर म्हणे घरी जाताना.

घरी करायच्या दोन दिवसांसाठी प्रत्येकाला एक कागद द्या, तीनच व्यायाम, मोठ्या अक्षरात, चित्र काढून. आम्ही पहिल्यांदा सतरा व्यायामांचा कागद दिला होता, ओटागोमध्ये असतात तेवढेच, कोणी एक पण केला नाही. तीन दिल्यावर करायला लागले. पुढच्या आठवड्यात "किती दिवस केला" एवढंच विचारायचं, चारचौघांत रागवायचं नाही, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवसापासून येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप पण केला होता, त्यात दोन दिवसांत गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली, मग फोन करणंच बरं पडलं.

ग्रुप गळतो कधी, तर पेरणीला, कापूस वेचणीला आणि लग्नसराईत. धरून चाला. श्रावणात कानबाईच्या सणाच्या आधीचा आठवडा तर बायांकडून काही अपेक्षाच ठेवू नका, घरं सारवणं, रोटांचं दळण, पाहुणे. त्या दिवसांत घरचा कागद कामाला येतो, फक्त आठवण करून द्यायची की ओटा तिथंच आहे. मोठा खंड पडला की परत येताना एक पायरी खालून सुरू करायचं, कारण सोडलं की मिळवलेलं हळूहळू जातं. सहा महिने टिकला तो माणूस सहसा टिकतो, आमच्याकडे चौदातले नऊ टिकले.

व्यायामाला न जमणारी कामं

मोरीत पकडायचा दांडा भिंतीत ठोकून घ्या, टॉवेलचा पातळ रॉड नको, तो अंगाच्या वजनानं उपटतो. खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर छोटा दिवा, आणि लाईट जाते म्हणून उशाशी टॉर्च. उंबऱ्याला पिवळा पट्टा मारा. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका. लांबचा आणि जवळचा असे दोन नंबर असलेला चष्मा घालून पायऱ्या उतरताना खालची पायरी धूसर दिसते, तेव्हा कठड्याला हात पाहिजेच. काठी, कमोडची खुर्ची, चष्मा यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण झालेल्यांना एकदाच ३ हजार रुपये खात्यात मिळतात, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत पाहिजे. काठी आपल्या मनगटाच्या उंचीची असावी, आणि खालचं रबर झिजलं की बदला, ते बदलायला खर्च फार नाही पण बदलत कोणी नाही.

पडलं तर उठायचं कसं, हे आधीच शिकून ठेवायचं

ग्रुपमधली ती शेवटची दहा मिनिटं यासाठीच. आपल्याकडे पंगतीला, भजनाला खाली बसायची सवय आहे, ती घालवू नका, ज्याचे गुडघे चालतायत त्यानं रोज एकदा तरी खाली बसून उठायचं, शेजारी खाट नाहीतर खुर्ची ठेवून.

पडल्यावर घाई नाही. आधी पडल्या जागी श्वास घ्यायचा, हातपाय हलवून बघायचे. काही मोडलं नाही असं वाटलं तर कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन, मग हात-गुडघ्यांवर यायचं, लहान पोरासारखं रांगत खाटेपर्यंत जायचं. दोन्ही हात खाटेवर, ज्या पायात जोर जास्त तो पाय पुढे रोवायचा, दुसरा गुडघा टेकलेलाच, आणि हातापायाच्या जोरावर उठून अंग वळवून बसायचं. बसल्यावर लगेच चालायला लागायचं नाही, दोन मिनिटं बसूनच. जिभाऊंना हे शिकवताना ते पहिल्यांदा चिडले, मी काय पडणार आहे का म्हणून, आणि पुढच्याच पावसाळ्यात गोठ्याजवळ चिखलात घसरले तेव्हा बैलाच्या दावणीपर्यंत रांगत जाऊन स्वतःच उठले. घरी कोणाला सांगितलं नाही, ग्रुपमध्ये मात्र तीनदा सांगितलं.

उठता येत नसेल तर ओरडायचं, ताट-तांब्या जे हाताला लागेल ते वाजवायचं, जवळची गोधडी अंगावर ओढायची आणि अधूनमधून कूस बदलायची. घरच्यांनी धावत येऊन काखेत हात घालून ओढून उभं करायचं नाही, आम्ही मायला तसंच उचललं होतं, मोडलेल्या हाताला धरून. जांघेत, खुब्यात दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आहे तसं झोपू द्या, डोक्याखाली उशी सरकवायला मान हलवू नका, पाणी पाजू नका, आणि १०८ ला फोन लावा.